‘२५’ हा आकडा नाशिकच्या मुलांना लावण्याआधी

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की शाळांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मराठी प्रश्नावली फिरू लागते. ‘आपल्या मुलाला चिंताविकार आहे का? ४१ प्रश्न सोडवा. बेरीज २५ किंवा जास्त आली तर तज्ज्ञांना भेटा.’ कुणी तिचा गूगल फॉर्म करतो, कुणी झेरॉक्स काढून वर्गात वाटतो. हेतूबद्दल शंका नाही. मात्र भाषांतर कुणी केले, कोणत्या मुलांवर ते पडताळले आणि २५ हा आकडा मराठी मुलांना लागू कसा झाला, यातले काहीच त्या कागदावर नसते. अशा चाचण्या बसवण्याचे आणि तपासण्याचे काम आम्ही करतो, म्हणून हे पत्र. ते थोडे लांबेल, कारण घोडे तपशिलातच अडते.

आधी मूळ चाचणीविषयी. फिरणारी प्रश्नावली बहुधा ‘स्केअर्ड’ची, म्हणजे मुलांमधल्या चिंताविकारांच्या एका इंग्रजी प्रश्नावलीची, नक्कल असते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे बोरिस बर्माहर आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये ३८ विधानांची मांडली. १९९९ मध्ये ४१ विधानांचा सुधारित नमुना आला. वय ८ ते १८. गेल्या तीन महिन्यांचा विचार करून प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण, कमाल बेरीज ८२. मुलाने भरायची एक प्रत, पालकांनी भरायची दुसरी. विधानांचे पाच गट आहेत : अचानक धसका आणि शारीरिक लक्षणे १३, सततची काळजी ९, आईवडिलांपासून दूर जाण्याची भीती ८, लोकांत वावरण्याची भीती ७ आणि शाळा टाळणे ४. एकूण बेरजेला २५ हा कट-ऑफ, म्हणजे उंबरठ्याचा आकडा, आहे, तसा प्रत्येक गटालाही वेगळा आहे. शाळा टाळण्याच्या चार विधानांत ३ गुण झाले तरी पुरतात. त्या चारांतले एक जरी भाषांतरात भलत्याच अर्थाकडे गेले, तरी मूल तिथेच २ गुण घेऊन बसते आणि उंबरठा ओलांडायला उरतो एक गुण. ४१ विधानांच्या बेरजेत ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

मूळ प्रतीवर एक सूचना आहे, ती मराठी नकलांतून हमखास गळते. ८ ते ११ वयाच्या मुलांना प्रश्न तज्ज्ञाने समजावून द्यावेत, किंवा अडल्यास विचारता यावे म्हणून जवळ मोठ्या माणसाने बसावे, असे ती सांगते. तिसरी-चौथीच्या मुलांच्या हातात मोबाईल देऊन ‘भर रे’ म्हणणे त्या सूचनेत बसत नाही.

आता भाषेकडे येऊ. इंग्रजीत मुलाच्या मनातली काळजी सांगायला जो शब्द आहे त्याला आपण सहज ‘काळजी’ म्हणतो. पण मराठीत काळजी ‘वाटते’, काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’. ‘मला आईबाबांची काळजी वाटते’ या वाक्याला नाशिकचे कोणतेही गुणी लेकरू ‘हो’ म्हणेल. नाही म्हणणे म्हणजे माया नसणे. ‘चिंता’ घ्यावा तर तो पुस्तकी, चौथीच्या मुलाने तो गणपतीच्या ‘चिंतामणी’त ऐकलेला असतो. ‘टेन्शन’ सगळ्यांना कळतो, पण गृहपाठापासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत कशालाही लागतो. अशा वेळी एका शब्दाच्या मागे न लागता अनुभवच लिहावा : ‘काहीतरी वाईट होईल असे विचार मनात येत राहतात आणि थांबवता येत नाहीत.’ वाक्य लांबते, पण नेमके तेच मोजते.

‘नर्व्हस’ हा शब्द तर सापळाच आहे. मराठी बोलण्यात ‘तो आज नर्व्हस आहे’ याचा अर्थ बऱ्याचदा तो हिरमुसला आहे, खट्टू आहे असा होतो. तोच शब्द देवनागरीत ठेवला की भीतीच्या खात्यात उदासपणाचे गुण जमा होतात. धसका बसला की आपण वेडे होऊ असे वाटते का, या अर्थाच्या विधानाचेही तसेच. ‘डोकं फिरल्यासारखं वाटतं’ असे लिहिले तर मुले रागाची आठवण सांगतात. ‘वेड लागेल असं वाटतं’ लिहिले तर वर्गात खसखस पिकते आणि बरीच मुले घाईने ० ला गोल करतात. याउलट शरीराच्या खुणांना मराठीत शब्दांची कमतरता नाही : छातीत धडधडणे, पोटात गोळा येणे, हातपाय गार पडणे, घशाला कोरड पडणे, जीव घुसमटणे. ते सोडून ‘हृदयाचे ठोके जलद होतात’ असे लिहिणारे भाषांतर शब्दकोश समोर ठेवून झालेले असते.

व्याकरणाची अडचण वेगळीच. इंग्रजीतील ‘मी’ला लिंग नाही, मराठीत ‘मी घाबरतो’ किंवा ‘मी घाबरते’ यांपैकी एक लिहावेच लागते. तिरकी रेघ मारून ‘घाबरतो/घाबरते’ छापले की जेमतेम जोडाक्षरे वाचणारे मूल तिथेच अडखळते. फक्त पुल्लिंगी छापले तर मुलीला ते विधान परक्याचे वाटते. उपाय सोपा आहे : शक्य तितकी विधाने ‘मला भीती वाटते’, ‘मला झोप लागत नाही’ अशा रचनेत आणायची. जिथे क्रियापद टाळताच येत नाही तिथे मुलांसाठी आणि मुलींसाठी दोन वेगळ्या प्रती छापाव्यात. खर्च कागदाचाच आहे.

उत्तराचे पर्याय हे आणखी एक दुखणे. मूळ पर्यायांचा अर्थ ‘खरे नाही किंवा क्वचितच’, ‘थोडेफार किंवा कधीकधी खरे’, ‘अगदी खरे किंवा बऱ्याचदा खरे’ असा आहे. खरे-खोटे म्हटले की मुलांना परीक्षेतली ‘चूक की बरोबर’ आठवते आणि ती बरोबर उत्तर शोधू लागतात. ‘क्वचित’ हा शब्द चौथीत कुणाला ठाऊक नसतो. ‘कधीच नाही किंवा एखाद्या वेळी’, ‘कधीकधी’, ‘पुष्कळदा’ असे केले तर समजते, पण मग आपण खरेपणा सोडून फक्त वारंवारता विचारतो आहोत. असा बदल करायला हरकत नाही; तो लिहून ठेवायला हवा आणि मूळ निर्मात्यांना कळवायला हवा. नकारार्थी विधानही शक्यतो उलटवून घ्यावे. ‘अनोळखी लोकांत मला बरं वाटत नाही’ यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला की मोठ्यांचाही गोंधळ होतो. आणि ‘गेले तीन महिने’ हे मुलाला कळत नाही. ‘दिवाळीच्या सुट्टीनंतर आत्तापर्यंत’ हे कळते. चाचणी ज्या महिन्यात घ्यायची त्याप्रमाणे ही खूण बदलावी.

हे सगळे उलट भाषांतरात सापडेल असा एक समज आहे. म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि मुळाशी जुळवायचा. ही पायरी हवीच, पण तिच्यावर विसंबू नये. उलट भाषांतर करणारा हुशार असेल तर तो वाईट मराठीतूनही चांगले इंग्रजी उभे करतो. ‘काळजी’चे इंग्रजी तो बिनचूक लिहील आणि कागदावर सगळे आलबेल दिसेल.

रीतसर क्रम असा असतो. प्रथम मूळ निर्मात्यांची लेखी परवानगी. मग दोघांनी एकमेकांना न दाखवता मराठी करायचे. त्यातला एक विषयाचा जाणकार, दुसरा मुलांशी रोज बोलणारा, प्राथमिक शिक्षक असेल तर उत्तम. दोन्ही मसुदे समोरासमोर बसून एक करायचे आणि प्रत्येक वादाची नोंद ठेवायची. त्यानंतर मूळ प्रत न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर. मग सहा ते दहा जाणकारांनी प्रत्येक विधानाला ‘विषयाशी किती सुसंगत’ याचे १ ते ४ गुण द्यायचे. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण ०.७८ पेक्षा खाली गेले की ते विधान पुन्हा लिहायचे. आणि मग सगळ्यांत मोलाची, सगळ्यांत जास्त टाळली जाणारी पायरी : ३० ते ४० मुलांसोबत एकेकट्याने बसणे. मुलाने विधान वाचायचे आणि आपण विचारायचे, ‘हे तुझ्या शब्दांत सांग. असं शेवटचं कधी झालं? तू कधीकधी म्हणालास, म्हणजे आठवड्यातून किती वेळा?’ ‘समजलं का?’ असे विचारून उपयोग नाही; त्याला सगळीच मुले मान डोलावतात. दहा-बारा मुले झाली की मसुदा दुरुस्त करावा आणि पुढच्या मुलांना दुरुस्त मसुदाच द्यावा.

ही मुले कुठली घ्यायची, हा खास आपल्या जिल्ह्याचा प्रश्न आहे. गंगापूर रोडवरच्या इंग्रजी शाळेतली मुले मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. बागलाण, देवळ्याकडे घरात अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, मालेगावात उर्दू. मालेगावच्या उर्दू शाळांसाठी मराठी प्रत वाचून दाखवणे हा मार्गच नव्हे, तिथे उर्दू प्रत वेगळी तपासावी लागेल. एकट्या कॉलेज रोडवर पडताळलेली प्रश्नावली ‘नाशिक जिल्ह्यासाठी’ म्हणून वापरली तर आपण मुलांची चिंता मोजतो आहोत की त्यांचे प्रमाण मराठी, हे सांगता येणार नाही.

भाषा एक असूनही जगणे वेगळे असते. आश्रमशाळेतले मूल पहिलीपासून घराबाहेर झोपते. ‘घराबाहेर झोपायची भीती वाटते’ याला त्याचे ० म्हणजे धीटपणा नव्हे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाचे २ म्हणजे आजारही नव्हे. दुसरी एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, सुसान स्पेन्स यांची. तिच्यात ४४ विधाने, त्यातली ६ केवळ मुलाचा सूर हलका राहावा म्हणून घातलेली, गुण मोजायचे ३८ ना. तिच्यात अंधाराची भीती, कुत्र्यांची भीती, उंच जागा किंवा लिफ्टची भीती, सार्वजनिक शौचालय वापरायची भीती अशी विधाने आहेत. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर मूल बाहेर जायला घाबरत असेल तर त्यात बिबट्याचा वाटा किती आणि विकाराचा किती? सुरगाण्याच्या पाड्यावर लिफ्ट पाहिलेली नसते, म्हणून तिथले ० निरर्थक. शौचालयाला कडीच नसेल तर भीतीचे कारण दारात असते, मनात नसते. संख्याशास्त्रात याची तपासणी करता येते : एकूण गुण सारखे असलेली दोन गटांतली मुले घ्यायची आणि एखाद्या विधानावर त्यांची उत्तरे तरीही वेगळी पडतात का ते पाहायचे. पडत असतील तर ते विधान दोन्हीकडे एकच गोष्ट मोजत नाही. काढून टाकायचे की शब्द बदलून ‘घरात सगळे असतानाही’ अशी भर घालायची, हे मुलांशी बोलूनच ठरते.

यानंतरची आकडेमोड थोडक्यात. एका विधानामागे दहा मुले हा जुना ठोकताळा धरला तरी ४१ विधानांना ४१० मुले लागतात. पाच गट मराठीतही पाचच राहतात का, हे घटक-विश्लेषणाने, म्हणजे कोणती विधाने एकत्र हलतात हे पाहणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, तपासायचे. पर्याय तीनच असल्याने उत्तरे क्रमवाचक, म्हणजे फक्त कमी-जास्त सांगणारी, धरून. अंतर्गत सुसंगतीचा अल्फा, म्हणजे सगळी विधाने मिळून एकच गोष्ट मोजतात का हे सांगणारा आकडा, ०.७० च्या वर हवा, आणि ०.९५ च्या वर गेला तर खुश होऊ नये, तीच विधाने फिरवून विचारली आहेत असा त्याचा अर्थ होतो. किमान ५० मुलांना दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. मधल्या काळात चाचणी परीक्षा, सहल, निकाल येऊ देऊ नये. पालकांची आणि मुलांची उत्तरे फारशी जुळत नाहीत, यात नवल नाही. मुलाच्या पोटातला गोळा आईला दिसत नाही आणि शाळेला जाताना केलेली रडारड मुलाला आठवत नाही. दोन्हींची सरासरी काढणे मात्र चूक.

अल्फा चांगला आला की ‘प्रमाणित झाली’ असे जाहीर करण्याची घाई सर्रास दिसते. खरी कसोटी त्यानंतर असते. प्रश्नावली भरल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत प्रशिक्षित तज्ज्ञाने त्या मुलाची आणि पालकांची स्वतंत्र निदान-मुलाखत घ्यायची, ‘के-सॅड्स’ किंवा ‘मिनी-किड’सारख्या ठरलेल्या साच्यात, आणि मुलाचे गुण त्या तज्ज्ञाला ठाऊक नसावेत. इथे नेहमीची चोरवाट म्हणजे जास्त गुणांच्या मुलांनाच मुलाखतीला बोलावणे. मग सुटलेली मुले मोजलीच जात नाहीत आणि चाळणी, म्हणजे ही प्रश्नावली, आहे त्यापेक्षा कितीतरी बारीक दिसते. कमी गुणांच्या मुलांतूनही चिठ्ठ्या टाकून काही जण घ्यावेच लागतात. शिवाय निदान झालेली मुले २० च असतील आणि त्यांतली १६ चाळणीने पकडली, तर ८० टक्के हा आकडा प्रत्यक्षात ५८ ते ९२ च्या मध्ये कुठेही असू शकतो. १०० मुलांतली ८० पकडली तर तो ७१ ते ८७ वर येतो.

२५ चा आकडा उचलता का येत नाही, ते एका काल्पनिक हिशेबाने सांगतो. एखाद्या रुग्णालयात आलेल्या १०० मुलांपैकी ५० जणांना चिंताविकार आहे असे धरा. चाळणी ८० टक्के आजारी मुले पकडते आणि ८० टक्के निरोगी मुले बरोबर सोडते. मग ४० खरी आणि १० खोटी, अशी ५० मुले अडकली. दहापैकी आठ वेळा इशारा खरा. आता हीच चाळणी तोच कट-ऑफ ठेवून शाळेतल्या १००० मुलांना लावा, जिथे विकार ५ टक्क्यांना आहे. ५० आजारी मुलांतली ४० सापडली, १० निसटली. ९५० निरोगी मुलांतली १९० विनाकारण अडकली. २३० घरांत चिठ्ठी गेली, त्यातली खरी ४० : शंभरात सतरा. चाळणी तीच, गाळायचे धान्य बदलले. महाराष्ट्रातल्या मुलांत विकाराचे मूळ प्रमाण किती धरायचे हाही प्रश्न आहे, कारण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

शाळेत चाचणी घेतानाच्या चुकाही ठरलेल्या आहेत. एका बाकावर दोघे बसले की दुसऱ्याचे गोल पाहून गोल होतात. वर्गशिक्षकांनी मोठ्याने वाचले तर ‘शाळेत यायची भीती वाटते’ याला कोण धजावून २ देईल? वाचणारी व्यक्ती बाहेरची असावी, बाक सोडून बाक बसवावे, नावाऐवजी क्रमांक टाकावा. सगळे गोल एकाच रकान्यात असलेली पाने बाजूला काढावीत. कुणी आपल्या मनाने चार विधाने गाळून मोबाईलच्या सवयीची चार घालतो आणि कट-ऑफ मात्र २५ च ठेवतो. त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही. निकाल वर्गाच्या गटावर टाकणे तर सरळ अन्याय आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. संशोधनासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी आणि त्यावरील मुलांचा लेखी होकारही लागतो. शाळेच्या प्रवेश अर्जावरची पालकांची सही या कामी चालत नाही.

आमची सूचना अगदी साधी आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि जिल्ह्याच्या १५ तालुक्यांत लागते तेवढी भाषिक विविधता घरबसल्या आहे. हे काम एका पदव्युत्तर प्रबंधात उरकत नाही. उरकले तर १०० मुले आणि एक अल्फा एवढेच हाती येते. त्यापेक्षा एकाच्या मागे एक असे तीन प्रबंध जोडावेत : पहिल्याने भाषांतर आणि मुलांच्या मुलाखती, दुसऱ्याने ४०० हून अधिक मुलांवर विश्वसनीयता आणि रचना, तिसऱ्याने निदान-मुलाखतींशी तुलना करून नाशिकचा स्वतःचा कट-ऑफ. प्रत्येक टप्प्याच्या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. आणि चाचणी घेण्याआधीच हिशेब मांडावा : १००० मुलांमागे २३० मुलाखती कोण घेणार, किती दिवसांत? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातात. त्यांच्यावर आणखी एक कागद लादण्यापूर्वी पुढच्या मुलाखतीची तारीख देणारा माणूस नेमावा.

तोवर शाळांनी गुणांची बेरीज करूच नये, रजिस्टरमध्ये तर नाहीच. प्रश्नावलीतली वाक्ये फार तर समुपदेशकाने बोलणे सुरू करायला वापरावीत. ‘स्केअर्ड’मध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल विधान नाही, त्यामुळे बेरीज कमी आली म्हणून मुलाला मोकळे सोडू नये. समासात मुलाने काही लिहिले असेल तर पाने त्याच दिवशी वाचावीत. पोटदुखी सांगून सोमवारी हमखास घरी राहणारे, तोंडी परीक्षेच्या दिवशी उलटी होणारे, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहणारे मूल शिक्षकांना प्रश्नावलीशिवायही दिसते. त्याच्या पालकांना बोलावून घ्यावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आपले,
मुलांच्या मानसिक आरोग्य चाचण्यांवर काम करणारे काही वाचक,
नाशिक